लॉर्नच्या दारावरचे मासे

२७ ऑगस्ट

लॉर्न,

तुझी मेल मिळाली. "माझ्या घराच्या दारावर मासे कोण टांगतंय? पाहुणे तक्रार करतायत. बंद कर." पाच वर्षांत तुझ्याकडून आलेला हा सगळ्यात लांब मजकूर, त्याबद्दल आभारी आहे. उत्तर मुद्दाम कागदावर देते आहे. फोनवर तू "हं" म्हणून ठेवून देतोस. कागद निदान टेबलावर पडून राहतो, आणि कधीतरी कपाखाली का होईना, हाताला लागतो.

मासे बाबा टांगतात.

आता चिडून कागद बाजूला टाकू नकोस, पुढे वाच. बाबांचं मासे धुरवायचं धुरीघर बेटाच्या समितीने संग्रहालय म्हणून घेतलं हे तुला ठाऊक आहे. मे ते ऑक्टोबर पाहुण्यांना उघडं असतं. बाबा रोज सकाळी तिथे जातात, मी गोठवलेले हेरिंग मासे मुख्य भूमीवरून मागवते, ते काठीला ओवतात, ओला भुसा टाकून धूर करतात आणि आपण धंदाच करतो आहोत असं समजतात. पाहुण्यांना वाटतं हा पगारी नट आहे. परवा एक बाई मला म्हणाली, "काय काम करतात हो ते! एकदाही भूमिका सोडत नाहीत." मी म्हटलं, नाही सोडत, बाई. सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी सांगता येत नाही, माझं नाव घेताना आधी आईचं नाव तोंडात येतं, पण काठीला मासे बरोबर ओवले जातात.

तर या महिन्याच्या मध्याला त्यांनी जाहीर केलं की हंगाम संपला, आता शेवटची काठी. शेवटच्या काठीचं काय करतात ते तू तिकडे अल्बर्टात तेल काढता काढता विसरला असशील, म्हणून सांगते. ती विकत नाहीत. ज्याच्याशी वाकडं आलं असेल त्याच्या दारावर ती नेऊन अडकवायची. त्याने काढून घेतली तर भांडण मिटलं. नाही घेतली तर सीगल खातात आणि दोन्ही घरं हिवाळाभर एकमेकांकडे पाठ करून बसतात. काठीचा निकाल लागल्याशिवाय धुरीघर बंद करायचं नाही.

बाबांचं वाकडं कुणाशी आहे, हे मी तुला सांगायला नको.

त्यांच्या लेखी तू अजून खाडीपलीकडे त्याच घरात राहतोस आणि रागाने बाहेर पडत नाहीस. तू ते पाहुण्यांना भाड्याने देतोस हे त्यांच्या डोक्यात राहत नाही. ते किनाऱ्याने वळसा घालून जातात, काठी दाराच्या कडीत अडकवतात, परत येऊन धुरीघराच्या खिडकीत बसतात आणि बघत राहतात. पहिल्या आठवड्यात ओंटारिओचं एक म्हातारं जोडपं होतं. त्या गृहस्थाने हौसेने काठी आत नेली, तर बाबा दिवसभर शीळ घालत होते. मी त्यांची शीळ आई गेल्यानंतर ऐकली नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा काठी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सगळं विसरतात तसं हेही विसरत असणार.

म्हणून तू बंद कर म्हणतोस ते होणार नाही. उलट तूच पाहुण्यांना एक ओळ लिही, की सकाळी दारावर मासे दिसले तर कृपया पुरुषमाणसाने बाहेर येऊन ते आत घ्यावेत. देवमासे दाखवणाऱ्या बोटीची वेळ कळवतोस ना, त्याच्याखाली.

व्हर्ना

८ सप्टेंबर

लॉर्न,

म्हणे त्यांना मुख्य भूमीवरच्या वृद्धाश्रमात ठेव, तिथे माणसं शिकलेली असतात. उंटावरून शेळ्या हाकायला तुला कोण शिकवणार! इथे ये, आठवडाभर त्यांच्या मागे फिर, मग सांग.

पाहुण्यांना ओळ लिहायला तुला लाज वाटते ना, ठीक आहे, मी तोंडाने सांगते. किल्ली देताना माझी आता तीन वाक्यं ठरलेली आहेत. देवमाशांची बोट नऊला सुटते. धुकं असेल तर दीपगृहाच्या वाटेला कड्याच्या बाजूने चालू नका. आणि सकाळी दारावर मासे येतील ते घरातल्या पुरुषाने काढून घ्या. लोक पहिल्या दोन गोष्टी विसरतात, तिसरी विसरत नाहीत. कुणी तरी इंटरनेटवर लिहिलंय म्हणे, "बेटावरचं सर्वांत सुंदर आतिथ्य. पफिन पक्षी दिसले नाहीत तरी चालेल." आपण अख्खा जन्म पफिन दाखवण्यात घालवला, आणि लोकांना आवडलं काय!

पुरुषच का, असं विचारशील. आधी मीच घेऊन बघितलं. मागच्या दाराने आत शिरले, तुझा जुना कोट चढवला, टोपी घातली आणि काठी काढून आणली. धुरीघरात परत आले तर बाबा खिडकीत तसेच. म्हणाले, "तू कशाला मधे पडतेस? त्याचं त्याने घ्यायचं." इतक्या लांबून, त्या डोळ्यांनी! मी चालताना डावीकडे झुकते म्हणे. कानाला खडा लावला.

तू विचारलंस, बाबांना भांडण तरी आठवतंय का. आठवतंय. तू बोट आणि शेवंडीचा परवाना त्या मुख्य भूमीवरच्या कंपनीला विकलास आणि फेरीबोटीवर चढलास, तेव्हा धक्क्यावर अख्ख्या गावासमोर ते म्हणाले होते की आजपासून माझा मुलगा बुडाला. ते वाक्य आपल्या बेटावर कुणी चिडूनसुद्धा बोलत नाही. इथे ज्यांची खरंच बुडाली त्यांना ते ऐकू जातं. पाच वर्षांत त्यांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आता डोक्यातलं बाकी सगळं वाहून गेलं आणि तेवढंच खाली उरलंय. काठी ओवताना पुटपुटतात, "बोलू नये ते बोललो. पोरगं हट्टी आहे, पण बोलू नये ते बोललो."

हे तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. लिहून गेले, आता खोडत नाही.

तब्येत बरी आहे. थोडा खोकला आहे, एवढंच.

व्हर्ना

२० सप्टेंबर

लॉर्न,

तुझं पाकीट आलं. आत नुसते पैसे, एक अक्षर नाही. परत पाठवलेत.

गेल्या आठवड्यात तुझ्या घरात टोरांटोचा एक तरुण आणि त्याची मैत्रीण होते. भली माणसं. मांस, मासे, अंडं काही खात नाहीत. आपल्या किनाऱ्यावरचं ते सुकवलेलं लाल शेवाळ मात्र चिवड्यासारखं पिशवीभर खाल्लं. मी सांगितलं होतं त्याप्रमाणे त्याने काठी आत घेतली. बाबा खूश. दुपारी मात्र त्यांना काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उठून तुझ्या घराकडे गेले, आणि मागच्या बाजूच्या कचऱ्याच्या डब्यात त्यांना मासे सापडले. काठीसकट.

मी पोचले तेव्हा ते नळाखाली एकेक मासा धूत होते. "लॉर्नने कचऱ्यात टाकले," म्हणाले. "सीगलला दिले असते तरी चाललं असतं." तो पोरगा कावराबावरा होऊन माझ्याकडे बघत होता, माफी मागत होता. त्याचा काय दोष? मी बाबांना म्हटलं, "अहो, हा लॉर्न नाही. हा पाहुणा आहे. लॉर्न अल्बर्टात आहे."

म्हणाले, "मग दार कोण बंद करून बसलंय?"

त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी काठी ओवली.

आता खोकल्याचं खरं सांगते. मागच्या पत्रात थोडा लिहिला तो थोडा नव्हता. नर्स कोलीनने छाती तपासली, म्हणाली थंडी सुरू होण्याआधी त्यांना त्या धुरातून बाहेर काढा, नाहीतर हिवाळा निघणार नाही. मी त्यांना म्हटलं, बाबा, धुरीघर बंद करू या. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडी. "काठी अजून दारावर आहे," म्हणाले. मी भुसा लपवला, तर त्यांनी कुंपणाची लाकडं जाळली. एकदा बाहेरून कुलूप घातलं, तर पायरीवर बसून राहिले, दव पडेपर्यंत. मी हात टेकले.

ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सुटीनंतर पाहुणे संपतात. तुझ्या घरात मग कुणीच नसेल. दारावरची काठी घेणारं कुणी नसेल आणि बाबा खिडकीत बसून राहतील. ये म्हणत नाही. फक्त कळवते आहे.

व्हर्ना

३ ऑक्टोबर

लॉर्न,

ये.

आधी वाच काय झालं ते. पर्यटन समितीची मर्टल तुला आठवते, शाळेत तुझ्या पुढच्या बाकावर होती, सारखी हात वर करायची. ती मागचा महिनाभर माझ्या मागे होती. म्हणे, लोक खास त्या काठीसाठी येतायत, वेळ ठरवून घेऊ, दहाची. रस्त्याच्या कडेला दोन बाकं टाकू. दीपगृह, देवमासे आणि अ‍ॅम्ब्रोजची काठी, अशी बाबांच्या नावाने एका दिवसाची सहल. मी आधी नाही म्हणाले. मग विचार केला, एवढी माणसं असली तर त्यांतला एक तरी रोज काठी घेईल आणि कचऱ्यात जाणार नाही. सरळ सांगते, मला सोपं वाटलं म्हणून मी हो म्हणाले.

शनिवारी बाबा काठी खांद्यावर घेऊन वळणावर आले तर तुझ्या दारासमोर तीस-चाळीस माणसं उभी. सगळी गप्प, कारण मर्टलने त्यांना गप्प राहायला सांगितलेलं. थंडी म्हणून गडद कोट घातलेले. आपल्या बेटावर एखाद्या दारासमोर माणसं अशी कधी उभी राहतात, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! पण मर्टलला ठाऊक हवं होतं. मला ठाऊक हवं होतं.

बाबा थांबले. काठी खाली ठेवली. डोक्यावरची टोपी काढली. आणि समोर जो पहिला माणूस होता, कॅमेरावाला, त्याला हळू आवाजात विचारलं, "सापडला का?"

त्याला कळेना. तो हसला. वाटलं, नाटकातलं वाक्य असेल.

"माझं पोरगं," बाबा म्हणाले. "सापडला का, की नुसतीच बोट आली?"

मी गर्दीतून धावले. म्हटलं, बाबा, कुणी बुडालेलं नाही, लॉर्न जिवंत आहे, धडधाकट आहे. त्यांनी माझा हात झटकला. "मीच म्हणालो होतो," म्हणाले. "धक्क्यावर. सगळ्यांनी ऐकलंय." मग गर्दीतल्या एकेकाच्या जवळ जाऊन हातात हात घेऊन सांगत सुटले, मीच म्हणालो होतो. लोकांनी कॅमेरे खाली घेतले. एक बाई रडायला लागली. मर्टल भिंतीला टेकून उभी होती. त्याच संध्याकाळी तिने स्वतः बाकं उचलून नेली, तेवढ्यासाठी देव तिचं भलं करो.

घरी आणून निजवलं तर ताप. कोलीन दोन दिवस येऊन जाऊन होती. तापातून उठले आणि पहिली गोष्ट काय केली असेल? धुरीघर. काठी. मी म्हटलं, बाबा, तुमच्या मते लॉर्न गेला ना? मग कुणासाठी? म्हणाले, "गेला कसा? काल धूर निघत होता त्याच्या धुराड्यातून." पाहुण्यांनी शेकोटी पेटवली असेल. मी त्या पाहुण्यांचे मनातल्या मनात पाय धरले.

हे पुन्हा कधी उलटेल सांगता येत नाही. तू हट्टी आहेस, ते हट्टी आहेत, आणि मधे मी, चालताना डावीकडे झुकणारी. मला कुणी विचारत नाही की व्हर्ना, तू दमलीस का. दमले आहे.

बोलू नको त्यांच्याशी, नसेल बोलायचं तर. धुरीघरातही येऊ नको. शनिवारच्या फेरीने ये, सरळ तुझ्या घरी जा, रविवारी सकाळी दार उघड आणि काठी काढून घे. एवढंच. मग हवं तर लगेच परत जा.

व्हर्ना

१३ ऑक्टोबर

प्रिय लॉर्न,

सोमवारी फेरीच्या पायऱ्यांवर तू म्हणालास, "तो मला ओळखत नाही, व्हर्न. उगाच आलो." त्याचं उत्तर माझ्याकडे आता आहे. म्हणून हे पत्र.

रविवारी तू दार उघडलंस तेव्हा मी धुरीघरात बाबांच्या खुर्चीमागे उभी होते. इतर पाहुण्यांसारखा आत जाशील आणि दार लावशील असं मला वाटलं होतं. तू मात्र तिथेच पायरीवर बसलास, मासा काठीवरून ओढून काढलास, सोलला आणि खायला लागलास. मग दुसरा. साली बाजूला फेकत होतास, विजारीला हात पुसत होतास. आईने कानफटात दिली असती. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. बाबा नुसतं "हं" म्हणाले, अगदी तुझ्यासारखं.

दुपारी तू धुरीघरात आलास ते मी सांगूनही ऐकलं नाहीस म्हणून. बाबांनी तुला "या साहेब, बोस्टनहून का?" म्हटलं, तेव्हा तुझा चेहरा मी बघितला. तरी तू बसलास. त्यांनी तुला मालाचा भाव सांगितला, धूर कसा धरायचा ते सांगितलं, आणि तू "असं होय," "असं होय," म्हणत राहिलास, जसं काही तू त्याच धुरात डोळे चोळत वाढला नाहीस. जाताना त्यांनी तुझ्याशी हात मिळवला. अनोळखी माणसाशी मिळवतात तसा.

सोमवारी सकाळी काठी निघाली नाही. तू म्हणालास, बघ, विसरले, म्हणजे कालचंही विसरले. मलाही तसंच वाटलं. तुझी फेरी सुटली आणि मी धुरीघरात आले, तर बाबा राख भरत होते. निखारे विझवले होते, काठ्या मोळी करून बांधल्या होत्या. मला वाटलं तब्येत बिघडली. म्हटलं, "बाबा, आज काठी नाही?"

"कशाला?" म्हणाले. "लॉर्नने खाल्ली ना काल."

मी तिथेच उपड्या खोक्यावर बसले. म्हटलं, "आणि इतके दिवस? रोज तर आत घेत होता."

"आत घेऊन काय," म्हणाले. "फोटो काढत होता की काय देव जाणे. खाल्ल्याशिवाय भांडण मिटतं होय?"

लॉर्न, आम्ही सगळे त्यांना विसराळू समजत होतो. मी, कोलीन, मर्टल, अख्खं गाव. ते रोज काठी नेत होते कारण रोज काठी आत जात होती आणि दारासमोर एकही साल पडत नव्हती. आपल्या पिढीत शेवटची काठी कुणी कुणाला नेलीच नाही, म्हणून घेतली की संपलं असं मी धरून चालले. एवढ्या पाहुण्यांना सांगितलं घ्या, घ्या. खा म्हणून एकालाही सांगितलं नाही. तुला ठाऊक होतं का? की नुसती भूक लागली होती?

मग मी विचारलंच. म्हटलं, "बाबा, पण तो लॉर्नच होता कशावरून? इतक्या लांबून?"

हातातला राखेचा डबा खाली ठेवला त्यांनी. म्हणाले, "तोंडं मला आता ओळखू येत नाहीत कुणाची. पण मासा शेपटीकडून सोलणारा येडा या बेटावर एकच. चार वर्षांचा होता तेव्हापासून ओरडतोय, डोक्याकडून सोल, डोक्याकडून सोल. ऐकेल तर शपथ."

"आणि ते दुपारचे साहेब?"

"बोस्टनचा? तो वेगळा. चांगला माणूस होता. ऐकून घेत होता."

मी त्यांना सांगितलं नाही की दोघं एकच. सांगून काय केलं असतं? समोर बसलास तेव्हा नाही ओळखलं, हे खरं आहे आणि ते तुला लागणार. पण खाडीपलीकडून ओळखलं, हेही तितकंच खरं आहे. दोन्ही तुझंच आहे, दोन्ही ठेव.

धुरीघराला कुलूप घातलंय, त्यांच्याच हाताने. आता स्टोव्हजवळ बसतात. खोकला आहे, पण कोलीन म्हणते उतरतोय. मर्टल सूप घेऊन आली होती, दारातूनच देऊन गेली.

काल रात्रीच्या जेवणाला बसलो तर त्यांनी मधेच चमचा ठेवला आणि खिडकीतून तुझ्या घराकडे बघितलं. तिथे अंधार होता. मला म्हणाले, "पोरी, त्याला सांग, रविवारी इकडेच जेवायला ये म्हणावं. एकटाच काय खातोस तिकडे पायरीवर बसून."

मी म्हटलं, सांगते.

म्हणून सांगितलं.

तुझी,
व्हर्ना